आई-वडिलांचे उत्पन्न मुलाच्या रिटर्नमध्ये दाखवायचे का?

जुलै महिना आला की लातूर, नांदेड, परभणी, बीडकडच्या नोकरदारांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. आई घरात आपल्याजवळ राहते, तिचा दवाखाना आणि औषधपाणी आपण करतो, कार्यालयाच्या कागदावर ती आपल्यावर ‘अवलंबित’ आहे. पण तिच्या नावावर बँकेत ठेव आहे आणि तिला कुटुंब निवृत्तिवेतनही मिळते. मग हे उत्पन्न आपल्या विवरणपत्रात, म्हणजे रिटर्नमध्ये, दाखवायचे की नाही? दाखवले नाही तर नोटीस येईल, अशी भीती असते. दाखवले तर जास्तीचा कर बसेल, अशी काळजी असते. या भीतीपोटी न लागणारा कर भरणारी माणसे आहेत, तसेच भरायचे ते रिटर्न न भरल्यामुळे आईच्या हक्काचा परतावा सोडून देणारीही आहेत. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे आवश्यक आहे.

या लेखातील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा नवा कायदा लागू झाला असला, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाचे रिटर्न १९६१ च्या जुन्या कायद्यानेच भरायचे आहे. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. उत्पन्न कोणाचे धरायचे याचे तत्त्व मात्र तेच आहे.

चूल एक, खाते वेगळे

भारतात प्राप्तिकर व्यक्तीवर लागतो, घरावर नाही. तीन भावांची शेते एकाच विहिरीवर भिजत असली आणि पेरणी एकाच ट्रॅक्टरने होत असली, तरी प्रत्येकाचा सातबारा वेगळा असतो आणि एकाच्या सातबारावरचा बोजा दुसऱ्याच्या सातबारावर चढत नाही. पॅन हा करापुरता प्रत्येकाचा सातबारा समजावा. आईचे उत्पन्न आईच्या पॅनवर, वडिलांचे वडिलांच्या आणि मुलाचे मुलाच्या. आई-वडील मुलावर कितीही अवलंबून असले, तरी त्यांचे उत्पन्न मुलाच्या उत्पन्नात मिळवावे असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. पती-पत्नीने मिळून एकच रिटर्न भरण्याची सोयसुद्धा आपल्याकडे नाही.

एकाचे उत्पन्न दुसऱ्याच्या उत्पन्नात मिळवण्याचे काही ठरावीक प्रसंग कायद्याने सांगितले आहेत. त्याला ‘क्लबिंग’ म्हणतात. अज्ञान मुलाच्या नावावरील ठेवीचे व्याज आई किंवा वडील यांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त असेल त्याच्यात मिळवावे लागते, हा त्यातला सर्वांना माहीत असलेला प्रसंग. लहान मुलाचे उत्पन्न बापाकडे जाते, तर म्हाताऱ्या बापाचे मुलाकडे येत असेल, असा अंदाज अनेकजण यावरूनच बांधतात. तो चुकीचा आहे. हा नियम एकाच दिशेने चालतो.

गोंधळाचे मूळ तहसीलमध्ये

मराठवाड्यातील कुटुंबाचा सरकारी कागदाशी पहिला संबंध येतो तो प्राप्तिकर खात्यात नव्हे, तर तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रावर. तिथे मोजमाप घराचे होते. केशरी रेशनकार्डासाठी कुटुंबाचे एकत्रित उत्पन्न पाहतात. श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची मर्यादा आहे. नॉन-क्रीमीलेयर दाखल्यासाठी तर अर्जदाराच्या स्वतःच्या कमाईपेक्षा आई-वडिलांचे उत्पन्न पाहिले जाते. आयुष्यभर असेच दाखले काढलेल्या माणसाने रिटर्न भरतानाही घराची बेरीज करावी, यात नवल नाही. परंतु हे दोन वेगळे कायदे आहेत आणि एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावता येत नाही.

याच्या उलट बाजूचा गैरसमजही दिसतो. मुलगा कर भरतो म्हणून वडिलांचे पीएम-किसानचे हप्ते बंद होतील, असे गावात सर्रास सांगितले जाते. त्या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अज्ञान मुले. कमावत्या, सज्ञान मुलाने भरलेल्या कराशी वडिलांच्या पात्रतेचा संबंध नाही. वडील स्वतः किंवा आई प्राप्तिकर भरत असेल, किंवा त्यांना दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन मिळत असेल, तर मात्र सामान्यतः अपात्रता येते.

एका घराचा हिशेब

तत्त्व आकड्यांवर घासून पाहू. समजा, उदगीरला राहणारा एक नोकरदार वर्षाला १२,५०,००० रुपये पगार घेतो आणि नव्या कर प्रणालीत आहे (म्हणजे कमी दर पण मोजक्याच वजावटी असलेल्या पर्यायात; वर सांगितलेल्या नव्या कायद्याशी याची गल्लत करू नये). पगारदाराला मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वजा जाता त्याचे करपात्र उत्पन्न ११,७५,००० रुपये उरते. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण सूट असल्याने त्याला कर शून्य.

त्याची आई ६८ वर्षांची आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले होते. त्यांच्या मागे आईला दरमहा १८,००० रुपये कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे वर्षाला २,१६,०००. वडिलांच्या ग्रॅच्युइटीचे वीस लाख तिच्या नावावर ठेव म्हणून आहेत आणि त्यावर सात टक्क्यांनी १,४०,००० रुपये व्याज येते. कुटुंब निवृत्तिवेतनाचा एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांतील जी रक्कम कमी ती नव्या प्रणालीत वजा होते. तेव्हा आईचे करपात्र उत्पन्न १,९१,००० अधिक १,४०,०००, म्हणजे ३,३१,००० रुपये. नव्या प्रणालीत पहिल्या चार लाखांवर कर नाहीच. आईचाही कर शून्य.

आता मुलाने भीतीपोटी आईचे व्याज स्वतःच्या रिटर्नमध्ये घातले असे धरा. त्याचे उत्पन्न १३,१५,००० होते आणि बारा लाखांची सूट हातची जाते. चार ते आठ लाखांवर पाच टक्के म्हणजे २०,०००, आठ ते बारा लाखांवर दहा टक्के म्हणजे ४०,०००, वरच्या १,१५,००० वर पंधरा टक्के म्हणजे १७,२५०. एकूण ७७,२५० आणि त्यावर चार टक्के उपकर धरून ८०,३४० रुपये. ज्या घराला कायद्याने एक रुपयाही कर नाही, त्याने केवळ गैरसमजापोटी ऐंशी हजार भरायचे. या रकमेत आईचा वर्षभराचा औषधांचा खर्च भागून उरला असता. प्रामाणिकपणा म्हणून दुसऱ्याचे उत्पन्न आपल्या अंगावर घेणे कायद्याला अपेक्षित नाही आणि त्यामुळे आईच्या पॅनवर दिसणाऱ्या व्याजाचा हिशेबही जुळत नाही.

“आईचा कर शून्य आहे, मग तिचे रिटर्न कशाला?”

वरच्या उदाहरणात आईचे उत्पन्न चार लाखांच्या आत असल्यामुळे रिटर्न भरण्याचे सामान्यतः बंधन नाही. पण एक अडचण उभी राहते. ज्येष्ठ नागरिकाचे एका बँकेतील ठेवींचे व्याज वर्षाला एक लाखाच्या वर गेले, की बँक दहा टक्के करकपात करते. त्यालाच टीडीएस म्हणतात. २०२४-२५ पर्यंत ही मर्यादा पन्नास हजार होती. आईच्या १,४०,००० व्याजातून १४,००० रुपये कापले जातील. हा कर तिला लागूच नसल्यामुळे तो परत मिळतो; मात्र तो परत मागण्याचा मार्ग रिटर्न हाच आहे. अनेक घरांत ही रक्कम वर्षानुवर्षे तशीच सोडून दिली जाते.

कपात होऊच नये म्हणून ‘आपल्यावर कर शून्य आहे’ असे स्वयंघोषणापत्र बँकेला द्यायचे असते. बँकेच्या काउंटरवर साठीपुढच्यांसाठी ते पंधरा-एच या नावाने आजवर ओळखले जात आले. ते दरवर्षी, आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच आणि ठेवी असलेल्या प्रत्येक बँकेत वेगळे द्यावे लागते. गेल्या वर्षी दिले होते म्हणून यंदा चालते, असे होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. करपात्र उत्पन्न चार लाखांच्या वर आणि बारा लाखांच्या आत असेल तर नव्या प्रणालीत कर शून्य येतो. पण हा शून्य सूट मिळून आलेला असतो आणि ती सूट रिटर्नमध्ये मागावी लागते. त्यामुळे निवृत्त मुख्याध्यापक वडिलांना वर्षाला साडेपाच लाख निवृत्तिवेतन असेल, तर एक पैसाही कर नसला तरी त्यांचे रिटर्न भरणे बंधनकारक आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, आणि निवृत्तिवेतन व त्याच बँकेतील व्याज याशिवाय दुसरे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना मात्र बँकेकडे घोषणापत्र देऊन रिटर्नमधून सुटका मिळू शकते.

पतसंस्थेतील ठेवीवर करकपात झाली नाही म्हणून ते व्याज करमुक्त ठरत नाही. तेही आईच्या उत्पन्नात धरायचे.

अवलंबित पालकांमुळे मुलाला काय मिळते?

पालकांचे उत्पन्न मुलाकडे येत नाही, पण त्यांच्यावर केलेल्या काही खर्चाची वजावट मुलाला मिळते. ‘अवलंबित’ हा निकष इथे कामाला येतो आणि तोही प्रत्येक ठिकाणी नाही. या सगळ्या वजावटी केवळ जुन्या कर प्रणालीत आहेत. नव्या प्रणालीत राहणाऱ्याने हा भाग माहितीपुरता वाचावा आणि दोन्हींचा हिशेब एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावा.

कलम ८०डी खाली आई-वडिलांच्या मेडिक्लेमचा हप्ता भरल्यास २५,००० रुपयांपर्यंत आणि पालक साठीपुढचे असल्यास ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. इथे पालक अवलंबित असण्याची अट नाही. वडिलांना मोठे निवृत्तिवेतन असले तरी हप्ता मुलाने भरला तर वजावट मुलाची. लेकीचाही यात पुरेपूर हक्क आहे. लग्न झालेल्या मुलीने स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या आई-वडिलांचा हप्ता भरला तर वजावट तिला मिळते. सासू-सासऱ्यांसाठी मात्र हे कलम नाही, त्यामुळे जावयाने किंवा सुनेने भरलेला हप्ता वाया जातो. हप्ता कोणी भरायचा हे ठरवताना घरात ही गोष्ट लक्षात घ्यावी.

आपल्याकडे बहुतेक खेड्यांतील म्हाताऱ्या माणसांचा विमा उतरवलेलाच नसतो आणि सत्तरीनंतर तो परवडतही नाही. अशा विमा नसलेल्या ज्येष्ठ पालकांच्या प्रत्यक्ष वैद्यकीय खर्चाला त्याच ५०,००० च्या मर्यादेत वजावट आहे. अट एकच, पैसे रोख दिलेले नकोत. गोळ्या-औषधांचे बिल मेडिकलवाल्याला मुलाच्या खात्यातून यूपीआयने दिले आणि बिल जपून ठेवले, तर तो खर्च धरता येतो. गावाकडे पाठवलेल्या नोटांतून आईने तीच औषधे घेतली तर नाही.

पालकांना अपंगत्व असेल तर कलम ८०डीडी लागते. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास ७५,००० आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची ठोक वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी रक्कम कमी होत नाही. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, कंपवात, स्मृतिभ्रंश यांसारख्या नमूद आजारांच्या खर्चासाठी कलम ८०डीडीबी असून ज्येष्ठांच्या बाबतीत मर्यादा एक लाख आहे. विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. या दोन्ही कलमांत पालक आधारासाठी ‘पूर्णतः किंवा मुख्यतः’ आपल्यावर अवलंबून असले पाहिजेत. उत्पन्नाचा ठरावीक आकडा कायद्याने दिलेला नाही. आईला दरमहा दीड हजार रुपये मिळतात म्हणून ती अवलंबित राहत नाही, असे म्हणता येणार नाही. पण चाळीस हजार निवृत्तिवेतन घेणाऱ्या वडिलांना अवलंबित दाखवणे टिकणार नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत पालकांच्या उत्पन्नाची ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता अशी मासिक मर्यादा आहे. कार्यालयातील असे आकडे त्या त्या योजनेपुरते असतात. ते प्राप्तिकराला लावू नयेत.

“वडिलांची शेती आहे, तिचे काय?”

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे आणि सातबारा वडिलांच्या नावावर असून शेती त्यांचीच असेल, तर ते उत्पन्न वडिलांचे. मुलाच्या पगाराशी त्याची बेरीज होत नाही. वडिलांना शेतीशिवाय चार लाखांवर दुसरे उत्पन्न असेल तर कराचा दर ठरवण्यापुरते शेतीचे उत्पन्न विचारात घेतात. पण बारा लाखांच्या सुटीमुळे बहुतेक निवृत्तांना त्याचा फरक पडत नाही. वडिलोपार्जित जमीन हिंदू अविभक्त कुटुंब म्हणून वेगळ्या पॅनवर धरली असेल, तर ते उत्पन्न त्या कुटुंबाचे.

खरा प्रश्न येतो तो जमीन विकताना. शहरे पसरत असल्यामुळे लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या कडेच्या गावांत हे वारंवार घडते आहे. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवरील नफ्याला भांडवली नफ्याचा कर नाही. मात्र ‘ग्रामीण’ कशाला म्हणायचे हे सातबारावरच्या पिकावरून ठरत नाही, तर नगरपालिका वा महानगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या सरळ रेषेतील अंतरावरून ठरते. लोकसंख्या एक ते दहा लाख असलेल्या लातूर, नांदेडसारख्या शहरांसाठी सहा किलोमीटर आणि दहा लाखांवरील संभाजीनगरसाठी आठ किलोमीटर. त्या आत सोयाबीन उभे असले तरी करापुरती ती शहरी जमीन. नफा वडिलांचा आणि करही वडिलांचाच. वर्षभराचे इतर उत्पन्न नगण्य असले तरी बारा लाखांची सूट या नफ्याला लागत नाही. सौदा ठरण्याआधी, इसार घेण्यापूर्वी, सीएला विचारावे.

“मी माझे पैसे आईच्या नावावर ठेवले तर?”

हे कायदेशीर आहे. आई-वडिलांना दिलेली भेट कितीही मोठी असो, त्यावर त्यांना कर लागत नाही आणि त्या पैशावर पुढे मिळणारे व्याज त्यांचेच धरले जाते. पालकांच्या बाबतीत क्लबिंग नाही, याचा हा थेट परिणाम आहे.

पण भेट खरीखुरी असली पाहिजे. आईच्या खात्याचे एटीएम कार्ड, ओटीपी येणारा मोबाइल आणि दर तिमाहीचे व्याज हे सगळे मुलाच्याच हातात राहिले, तर भेट केवळ कागदावर आहे असे अधिकारी म्हणू शकतो. भेट बँकेतून द्यावी आणि रक्कम मोठी असेल तर साधे भेटपत्र करून ठेवावे. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा अधिक रोख घेण्यास कायद्याने मनाई आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा आहे. स्वतःच्या पैशाने एकट्या वडिलांच्या नावावर प्लॉट घेताना अधिक सांभाळावे, कारण बेनामी व्यवहारांच्या कायद्यातील आई-वडिलांसाठीची सवलत दस्तात मुलाचेही नाव सहमालक म्हणून असेल तेव्हाच मिळते.

कराच्या पलीकडची एक गोष्टही सांगितली पाहिजे. दिलेले पैसे आईचे झाले. तिने मृत्युपत्र केले नाही, तर तिच्या मागे त्यावर सर्व भावा-बहिणींचा सारखा हक्क येतो; ठेवीवर नॉमिनी म्हणून एकाचेच नाव असले तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वर्षाला पाच-दहा हजारांचा कर वाचवण्यासाठी घरात असा पेच निर्माण करावा का, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते, आईला खरोखर पैसे द्यायचे असतील तेव्हाच ते द्यावेत.

उलट दिशेने एक सापळा आहे. सासू किंवा सासऱ्यांनी सुनेला पैसे दिले, तर त्यावरचे उत्पन्न सासू-सासऱ्यांच्याच उत्पन्नात मिळवले जाते. जमीन विकून आलेले वीस लाख वडिलांनी विश्वासाने सुनेच्या नावावर ठेवले, तर व्याज तिच्या खात्यात जमा होईल आणि कर मात्र वडिलांच्या हिशेबात लागेल. मुलाने आईला आणि आईने त्याच्या पत्नीला दिले, असा वळसाही कायदा अप्रत्यक्ष हस्तांतर म्हणून धरतो. वडिलांनी सज्ञान मुलाला किंवा मुलीला थेट दिले तर हा प्रश्न येत नाही.

मुलगा अमेरिकेत असेल तर

तिथे करदात्याला आपल्या रिटर्नवर अवलंबित नातेवाईक दाखवता येतात आणि त्यासाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा असते. २०२५ सालासाठी ती ५,२०० डॉलर आहे. तरीही गावी राहणाऱ्या आई-वडिलांना पैसे पाठवणाऱ्या मुलाला याचा उपयोग नाही. अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक वा करापुरती रहिवासी, किंवा कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी असावी, अशी तिथली अट आहे. मुलाने पाठवलेल्या पैशावर इथे आई-वडिलांना कर नाही. त्याची ठेव केल्यास व्याज मात्र त्यांच्या उत्पन्नात धरायचे.

पालक वारल्यानंतर

वडील वर्षाच्या मध्येच गेले तर १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न त्यांचेच राहते आणि ते रिटर्न त्यांच्याच पॅनवर भरावे लागते. त्यासाठी वारसाने प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करायची असते. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. परतावा येणे असेल तर तोही याच नोंदणीमुळे मिळतो. वडिलांची कराची थकबाकी निघाली, तर वारसाची जबाबदारी त्याला वारसाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मृत्यूनंतर त्याच ठेवीवर जमा होणारे व्याज ज्या वारसांच्या वाट्याला येते त्यांचे असते. म्हणून ठेव वडिलांच्या पॅनवर तशीच चालू न ठेवता बँकेत लवकर नोंद बदलून घ्यावी; नाहीतर हयात नसलेल्या माणसाच्या पॅनवर करकपात होत राहते आणि ती परत मिळवणे फार किचकट होऊन बसते.